मामेसासरे म्हणतायत होल लाइफ पॉलिसी घे. घेऊ का?

चाकणचा_सांगलीकर

मंडळी नमस्कार, दोन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज अडकलो म्हणून पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३४, चाकणला नोकरी, हातात महिना ७२ हजार. बायको सध्या घरी, मुलगी ३ वर्षांची. मोशीत फ्लॅट आहे, त्याचं ३८ लाख लोन बाकी. विमा म्हणाल तर कंपनीचा जो ग्रुप विमा आहे तेवढाच.

गेल्या रविवारी बायकोचे मामा आले. पोहे झाले, चहा झाला नि मग ती रेक्झिनची बॅग उघडली, तेव्हाच मी काय ते समजलो. होल लाइफ प्लॅन आहे, विमा रक्कम १० लाख, वर्षाला ५४ हजार, २० वर्षं भरायचे. त्यानंतर दरवर्षी विमा रकमेच्या ८ टक्के म्हणजे ८० हजार येत राहणार, मी जिवंत आहे तोवर, वयाच्या १०० पर्यंत. आणि मी गेल्यावर घरच्यांना १० लाख अधिक साठलेला बोनस. मामांनी माझ्या मुलीच्या ड्रॉइंगच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं, "पावणेअकरा लाख भर, पन्नास लाख घे".

मामा चांगले आहेत हो, लग्नात मुलीकडची सगळी धावपळ त्यांनी केलेली. फॉर्म भरून फ्रिजवर ठेवलाय, सही तेवढी बाकी. पुढच्या रविवारी परत येणार आहेत. काय करू?

शेंगदाणा_चटणी

पॉपकॉर्न घेऊन बसतोय. नातेवाईक + विमा = शतकी धागा.

हिशेबनीस

आधी ते पन्नास लाख कुठून आले ते बघू. तुम्ही ८० व्या वर्षी जाताय असं धरलंय मामांनी (रागावू नका, विम्यात हे धरावंच लागतं). ५४ ते ८० वयात ८० हजाराचे २७ हप्ते, झाले २१.६ लाख. मग १० लाख विमा रक्कम आणि विमा रकमेच्या दर हजारामागे वर्षाला ४० रुपये दराने ४६ वर्षांचा बोनस १८.४ लाख. एकूण बरोब्बर ५०. म्हणजे मामा खोटं बोलत नाहीयेत. फक्त बोनस दरवर्षी जाहीर होतो, त्याची गॅरंटी नसते, आणि यातले २८ लाख तुम्ही स्वतः कधीच बघणार नाही.

आता हेच आकडे एक्सेलमध्ये टाकले तर परतावा येतो वर्षाला सव्वापाच टक्के. सगळं त्यांच्या मनासारखं झालं तर.

पीपीएफ (सरकारी बचत योजना) सध्या ७.१ टक्के देतंय, एप्रिल २०२० पासून तोच दर आहे. तेच ५४ हजार दरवर्षी तिथे २० वर्षं टाकले (१५ अधिक ५ ची मुदतवाढ) तर जवळपास २४ लाख होतात. बरं, तिथे विमा नाही, म्हणून १४ हजार टर्मचे, म्हणजे मुदतीत गेलात तरच पैसे देणाऱ्या नुसत्या विम्याचे, बाजूला काढू. उरलेल्या ४० हजाराचे होतात पावणेअठरा लाख, त्याचं नुसतं व्याजच सव्वा लाख वर्षाला. मुद्दल तसंच. अर्थात पीपीएफचा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, तो २० वर्षं असाच राहील याची खात्री मी देत नाही.

पण मला यापेक्षा जास्त टोचलेलं वेगळंच आहे. लोन ३८ लाख. विमा १० लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर बँकेचं कोण भरणार? वहिनी घरी आहेत म्हणताय. साधा हिशेब, वर्षाच्या पगाराच्या दहापट म्हणजे ८६ लाख, त्यात लोन, झाले सव्वा कोटी. तुम्हाला इतका विमा हवाय, आणि हातात येतोय त्याचा बारावा हिस्सा.

चाकणचा_सांगलीकर

बाप रे. हे लोनचं डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त शेवटी किती मिळतात तेच बघत बसलो.

आणि ८० हजार कमी नाहीत ना पण? महिन्याला साडेसहा हजाराच्या वर झाले की.

हिशेबनीस

२० वर्षांनी. महागाई ६ टक्के धरा, त्या ८० हजाराची किंमत आजच्या २५ हजाराएवढी. महिन्याला दोन हजार. आज तुमच्याकडे दूध नि पेपरचं बिल किती येतं?

चाकणचा_सांगलीकर

पेपर बंद केलाय. दुधालाच दोन हजाराच्या वर जातात.

निवृत्त_विमाकाका

मिरजेत ३१ वर्षं एजन्सी केली, आता बंद आहे, त्यामुळे मला कुणाला काही विकायचं नाही. हिशेबनीसांचं गणित बरोबर आहे. पण गणिताच्या बाहेरचं दोन शब्द बोलतो.

"टर्म घ्या नि उरलेले गुंतवा" हे लिहायला सोपं आहे. उरलेले गुंतवतो कोण? माझा एक रिक्षावाला क्लायंट होता. त्याच्या घरी पैसा टिकायचाच नाही, आज बहिणीचं बाळंतपण, उद्या रिक्षाचं इंजिन. मी तिमाही हप्त्याला दारात जाऊन उभा राहायचो म्हणून भरायचा, शिव्या घालत भरायचा. त्याच्या आयुष्यात एकरकमी हातात आलेला पैसा तो तेवढाच. त्याला मी पीपीएफ सांगितलं असतं तर दोन वर्षांत पासबुक हरवलं असतं. पाच टक्के कमी आहेत, कबूल, पण शून्यापेक्षा बरे.

आणि मामांचं म्हणाल तर पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला चौथाई हिस्सा तरी एजंटला जातो, पुढच्या वर्षांना पाचेक टक्के. टर्मचा हप्ताच लहान, त्यामुळे कमिशनही लहान. म्हणून बॅगेतून टर्मचा कागद आधी निघत नाही. मीही काढायचो नाही. लपवून काय करू आता.

हिशेबनीस

काका, हे मान्य. शिस्त नसलेल्या माणसाला कुलूप लागतं आणि कुलपाची किंमत असते. पण धागाकर्त्याचा पगार दर महिन्याला बँकेत पडतोय, लोनचा हप्ता आपोआप कापला जातोय, तसंच पीपीएफचंही लावता येतं. दारात उभं राहायला माणूस लागत नाही.

ओमची_आई

सगळे होल लाइफला झोडपतायत म्हणून लिहिते. आमच्याकडे दोघांच्याही नावावर होल लाइफ आहे आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम. तो छान आहे, पोळ्या लाटतो, गणपतीत ताशा वाजवतो, पण पैशाचे व्यवहार त्याला जमणार नाहीत आणि कायम कुणीतरी सोबत लागेल. टर्म पॉलिसी ६० ला नाहीतर ७० ला संपते. मी ८२ व्या वर्षी गेले तर त्याला पैसे तेव्हा लागणारेत, आणि तेव्हा टर्म नसेल. ९९ वर्षांपर्यंतच्या टर्म मिळतात आता, आम्ही बघितल्या होत्या, पण ह्यांना बीपी निघालं नि हप्ता फार चढला. त्यामानाने ही जुनी पॉलिसी २०११ पासून चालू होती.

अशा पालकांपैकी कुणी वाचत असेल तर एक सांगते, विमा घेणं ह्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. मूल १८ चं झालं की आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली (१९९९ चा) लोकल लेव्हल कमिटीकडे अर्ज करून लीगल गार्डियनशिप घ्यावी लागते, ही कमिटी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. आम्ही दोन चकरा फोटोसाठीच मारल्या. पॉलिसीला नॉमिनी म्हणून थेट मुलाचं नाव लावून मोकळं होऊ नका, पैसे त्याच्या खात्यात येतील पण वापरणार कोण? आम्ही वकिलाकडून ट्रस्ट करून घेतला, माझी बहीण आणि ह्यांचा मित्र ट्रस्टी आहेत.

चाकणचे दादा, तुम्हाला एकच विचारते. तुम्ही ६० चे व्हाल तेव्हा तुमची मुलगी २९ ची असेल. तेव्हा ती तुमच्या पैशावर जगत असेल का?

चाकणचा_सांगलीकर

ताई, प्रतिसाद तीनदा वाचला. बायकोलाही वाचून दाखवला. नाही, तशी आशा तरी नाही. लोनही तोवर संपलेलं असेल.

पाटी_कोरी

+१ ओमची आई. ह्या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

यंत्रमागवाला

इचलकरंजीतून. धंद्यातल्या लोकांसाठी एक मुद्दा राहिला. माझ्या लूमच्या कर्जाला माझी वैयक्तिक हमी आहे. म्हणजे मी गेलो तर देणेकरी घरच्यांना मिळालेल्या पैशाकडे बघणारच. त्यासाठी विवाहित महिला संपत्ती कायदा, १८७४ चा आहे पण अजून दणदणीत चालतो. पॉलिसी घेतानाच त्या कायद्याखाली बायको नि पोरांच्या नावे करायची, मग ते पैसे त्यांचे, देणेकऱ्यांना हात लावता येत नाही. मात्र नंतर तुम्हालाही लावता येत नाही, कर्ज काढणं नाही, मोडणं नाही. टर्मलाही चालतं हे, होल लाइफच पाहिजे असं काही नाही. आणि घेतानाच करायचं बरं का, मागून होत नाही. माझ्या एजंटनं पहिल्या पॉलिसीला सांगितलंच नव्हतं.

शेंगदाणा_चटणी

१८७४!! आमच्या सोसायटीचे नियम २०१९ चे आहेत आणि कुणाला माहीत नाहीत.

मोगरा

थोडं अवांतर पण सांगायलाच हवं. माझ्या आईची (वय ६१) एफडी मोडून बँकेतल्या एका गोड बोलणाऱ्या मुलाने तिला "ह्यात जास्त व्याज आहे काकू" म्हणून सही करायला लावली. घरी जाडजूड पाकीट आलं, मी सुट्टीला आले म्हणून उघडलं, तर होल लाइफ पॉलिसी, १० वर्षं दरवर्षी दीड लाख भरायचे. आईला पेन्शन २२ हजार! आई म्हणे, "अगं एफडीच आहे ती, पावती मोठी दिलीय".

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, फ्री लुक म्हणतात. आमचा तो २६ वा दिवस होता. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, पॉलिसी नंबर, कारण, आईची सही, कॅन्सल चेक, आणि शाखेत जाऊन दोन प्रतींवर इनवर्डचा शिक्का मारून घेतला, तारखेसकट. तो मुलगा म्हणाला "मॅडम मेल करा, शिक्का नाही मारत आम्ही". मी खुर्चीत बसून राहिले. मारला मग. स्टॅम्प ड्युटी नि थोडंफार कापून बाकीचे सगळे आले.

तेव्हा पॉलिसी आली की पाकीट फोडा, कपाटात टाकू नका. आणि कंपनीचा पडताळणीचा फोन येतो त्यात सगळ्याला हो हो म्हणू नका, ते रेकॉर्ड होतं.

ब्रिजवॉटरचा_बंड्या

न्यूजर्सीतही हेच चालतं हो, फक्त पोह्यांऐवजी समोसा असतो. इथे दिवाळी पार्टीत ओळख काढून होल लाइफ विकतात, "कॅश व्हॅल्यू टॅक्स न भरता वाढते" वगैरे. सुरुवातीची काही वर्षं मोडली तर हातात जवळपास काही येत नाही हे पार्टीत सांगत नाहीत. मी २० वर्षांची लेव्हल टर्म घेतली, हप्ता वीस वर्षं तोच राहतो.

इथल्या लोकांसाठी अजून एक, सुट्टीत भारतात जाऊन काकांकडून पॉलिसी घेऊन येऊ नका. तिच्या सरेंडर व्हॅल्यूचा (मोडली तर मिळणाऱ्या रकमेचा) आकडा दरवर्षी परदेशी खात्यांच्या फॉर्ममध्ये धरावा लागतो, आणि परदेशी कंपनीला भरलेल्या हप्त्यावर १ टक्का एक्साइज टॅक्स आहे तो वेगळा. काका हप्ता सांगतात, हे सांगत नाहीत.

पाटी_कोरी

माझा प्रश्न जरा वेगळा. मी २०२१ मध्ये असलीच एक घेऊन बसलोय, ४० हजार वर्षाला, चार हप्ते भरलेत, अजून ११ बाकी. मोडू की चालू ठेवू? झोप उडालीये धागा वाचून.

हिशेबनीस

झोप घ्या आधी. जे १.६ लाख गेले ते गेले, ते मोडून पूर्ण येणार नाहीत आणि चालू ठेवूनही त्यांच्यासाठी काही करता येणार नाही. कंपनीला मेल टाकून दोन आकडे लेखी मागवा. आज सरेंडर केली तर किती, आणि पेड-अप केली तर, म्हणजे हप्ते बंद पण पॉलिसी कमी रकमेवर जिवंत, शेवटी किती. मग बघायचं की सरेंडरचे पैसे आणि पुढचे ११ हप्ते दुसरीकडे टाकले तर जास्त होतात का. तुमच्यासारख्या अजून ११ हप्ते बाकी असलेल्याचं उत्तर बहुतेक वेळा पेड-अप किंवा सरेंडर येतं. ज्याचे दोन-तीनच हप्ते राहिलेत त्याने सहसा भरून टाकावेत, त्याची जखम सुकलेली असते.

आणि हो, आधी टर्म हातात घ्या, मगच जुनी मोडा. मधल्या काळात उघडे पडू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदललेत, नव्या पॉलिसीत एक वर्षाचा हप्ता भरला तरी मोडताना काहीतरी हाती येतं. तुमची जुनी, त्यामुळे तुमच्या बाँडमध्ये (पॉलिसीच्या कागदात) काय लिहिलंय ते बघा.

गोदावरी_काठ

मोडायच्या गोष्टी चालल्यात म्हणून उलटं सांगते. बाबांची एलआयसीची जीवन आनंद होती, २००३ ची. २०१८ ला मुदत संपली, पैसे मिळाले, त्यातून घराला रंग दिला. आम्हाला वाटलं संपली पॉलिसी. बाबा २०२२ ला गेले. वर्षश्राद्धाला ट्रंक आवरताना बाँड सापडला, भाऊ सहज वाचत बसला, तर मुदतीनंतरही विमा आयुष्यभर चालू राहतो असं त्यात सरळ लिहिलेलं. शाखेत गेलो, डेथ सर्टिफिकेट, आईचं केवायसी, कॅन्सल चेक दिला. २ लाख आले आईच्या खात्यात.

ज्यांच्या घरी जुनी जीवन आनंद आहे त्यांनी ट्रंक उघडा. बेवारस राहिलेले पैसे शोधायची सोय कंपन्यांच्या वेबसाइटवर असते, पण दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर ते ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात.

चिपळूणचा_पोस्टमन

टपाल जीवन विमा कुणी आठवला नाही? १ फेब्रुवारी १८८४ पासून आहे, त्यातला होल लाइफ म्हणजे "सुरक्षा". मर्यादा ५० लाख, पैसे ८० व्या वर्षी किंवा त्याआधी गेल्यावर. बोनस हजारी ७६ रुपये चाललाय, वर हिशेबनीसांनी धरलेल्या ४० च्या जवळपास दुप्पट. पूर्वी सरकारी लोकांनाच मिळायचा, आता पदवीधरांनाही देतात. खेड्यातल्यांसाठी "ग्राम सुरक्षा" आहे, १० लाखांपर्यंत. होल लाइफ घ्यायचीच तर इकडे विचारून या एकदा. आमच्याकडे टाय लावलेला मुलगा नाही एवढंच.

निवृत्त_विमाकाका

पोस्टमन बरोबर बोलले. आम्ही एजंट लोक पोस्टाचं नाव घ्यायचो नाही.

टॅक्सचंही विचारतील कुणी म्हणून सांगतो. हप्त्यावरची आयकराची सूट जुन्या कर रचनेत आहे, नवीनमध्ये नाही. तेव्हा "टॅक्स वाचतो" म्हणून मार्चमध्ये घाई करणाऱ्याला आधी विचारा, कुठल्या रचनेत? आणि वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तो जुना कोटेशनचा कागद असेल तर नवीन मागा.

चाकणचा_सांगलीकर

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो, उशीर झाला.

रविवारी मामा आले. मी आदल्या रात्री आरशासमोर बोलायची तयारी केली होती, हसू नका. शेवटी काही भाषण झालं नाही. मुलीच्या वहीचं तेच पान काढलं, पन्नास लाखाच्या खाली ३८ लाख लिहिलं नि म्हटलं, मामा, मी पुढच्या महिन्यात गेलो तर हे कोण भरणार? मामा थोडा वेळ गप्प. मग बायकोकडे बघून म्हणाले, "हे मी विचारायला पाहिजे होतं". मी लगेच म्हटलं, टर्म तुमच्याकडूनच घेतो. ऑनलाइन थोडी स्वस्त पडली असती, हिशेबनीस ओरडतील, पण उद्या क्लेमची वेळ आली तर बायकोबरोबर ऑफिसला जाणारा माणूस ओळखीचा असलेला बरा.

सव्वा कोटीची, ६० पर्यंत. कोटेशन १४ हजाराचं होतं. मेडिकल झालं आणि साखर निघाली. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.९. मला काही पत्ताच नव्हता, रात्रपाळीमुळे थकवा येतोय वाटायचं. हप्ता वाढवून १८,२०० केला त्यांनी. घेतला मुकाट. कंपनीत २६ व्या वर्षी लागलो तेव्हाच घ्यायला हवी होती, तेव्हा बाइकचे हप्ते भरत होतो.

पीपीएफ खातं काढलंय, महिना ३ हजाराने सुरुवात.

हिशेबनीस

ओरडत नाही. चार हजार जास्त गेले पण साखर कळली. डॉक्टरकडे गेलात का?

चाकणचा_सांगलीकर

हो, गोळी सुरू आहे. रात्री जेवणानंतर चालायला जातो, मुलगी खांद्यावर.

निवृत्त_विमाकाका

प्रपोजल फॉर्ममध्ये साखर, घरचा इतिहास, सगळं लिहिलंय ना? तीन वर्षांनंतर कंपनीला कुठल्याही कारणाने पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही, विमा कायद्याचं कलम ४५ आहे, पण त्या तीन वर्षांत लपवलेलं सापडलं तर क्लेम अडकतो. "नाही नाही नाही" अशी टिकमार्क करून फॉर्म भरणारे एजंट मी खूप पाहिलेत.

चाकणचा_सांगलीकर

लिहिलंय काका. वडिलांना शुगर आहे तेही. मामा चष्मा विसरून आले होते, म्हणून एकेक प्रश्न बायकोने मोठ्याने वाचला. "तंबाखू?" ला मी नाही म्हटलं तर ती थांबली नि म्हणाली, लग्नाआधी खायचास ना. तेही लिहिलं.